टाचणीचा कीबोर्ड

नवा हेडफोनही मेलेलाच निघाला.

कानमास्तरांनी तो डोक्यावरून काढला, डावीकडची वाटी तळहातावर दोनदा आपटली, वायर मुळापासून टोकापर्यंत बोटांतून ओढून बघितली, पिन फुंकली, परत खोचली आणि हेडफोन पुन्हा चढवला. यंत्राची चकती आठ हजारांवर होती. यंत्रातली सगळ्यात वरची, सगळ्यात बारीक शिट्टी ती. बटण दाबलं की हिरवा दिवा लागत होता, म्हणजे शिट्टी सुटत होती. उजव्या कानात ती येतही होती, जरा लांबून, पण येत होती. डाव्यात काहीच नाही.

त्यांनी कंपनीला फोन लावला.

"अहो, हाही तसाच आहे. डावा आठ हजारांना बंद."

"साहेब, हा तिसरा आहे. आम्ही इथे तपासून, सही करून पाठवलाय."

"मग वाटेत आपटला असेल."

"असेल, नाही म्हणत नाही मी. फक्त एकदा उलटा घालून बघता का? डावी बाजू उजव्या कानाला. म्हणजे लगेच कळेल की..."

"एकतीस वर्षं हेच काम करतोय मी. मला शिकवू नका. चौथा पाठवा."

फोन ठेवला तरी त्यांची बोटं टेबलावर वाजतच राहिली.

आता हे उलटं घालणं म्हणजे काय, तर या कामाला येणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी शिकवतात ते. एका बाजूने आवाज येत नसेल तर हेडफोन फिरवून घालायचा. शांतता हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाला गेली, तर हेडफोन बिघडला. शांतता त्याच कानात बसून राहिली, तर कान बिघडला. दहा सेकंदांचं काम. कानमास्तरांनी दोन महिन्यांत तीन हेडफोन बदलले होते, दोन वायरी बदलल्या होत्या, पिनेला स्वतः सोल्डरचा डाग दिला होता, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं होतं. ते दहा सेकंद तेवढे त्यांना सापडले नव्हते. विचारलं असतं तर म्हणाले असते, वेळ कुठे असतो.

दवाखाना कान-नाक-घशाचा. पुढे मॅडमची खोली, तिथे त्या घसे बघायच्या आणि नाकं बघायच्या, आणि 'ऐकू कमी येतं' म्हणणाऱ्याला मागे मास्तरांकडे पाठवायच्या. मागच्या खोलीत एक बूथ होता. दुहेरी दार, आतून राखाडी स्पंज, एक खुर्ची आणि जाड काचेची छोटी खिडकी. पेशंट आत, मास्तर बाहेर यंत्रापाशी. खुर्ची जरा तिरपी ठेवलेली, कारण पेशंटला मास्तरांचा हात दिसला तर तो कानाऐवजी डोळ्यांनी ऐकतो. आत गेलेल्या प्रत्येकाला मास्तर तेच सांगायचे, एकतीस वर्षं, एकाच चालीवर: "आवाज आला की बटण दाबा. बारीक आला तरी दाबा. आला नाही तर दाबू नका, मी रागावणार नाही."

तरी लोक दाबायचेच. मुलगा बाहेर उभा आहे, सून काचेतून बघते आहे, म्हणून म्हातारे अंदाजाने दाबायचे. मास्तरांना ते लगेच कळायचं. मग ते मुद्दाम आवाज न सोडता थांबायचे, आणि म्हातारा बिचारा नसलेल्या आवाजाला बटण दाबायचा. त्यावर ते कधी हसले नाहीत. फक्त कागदावर कडेला एक छोटी खूण करायचे.

गेल्या दोन महिन्यांत मात्र मास्तरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खुर्चीत बसले की उठायचे, उठले की कशाला उठलो ते विसरायचे. चहा अर्धा राहायचा. बोटं तर झोपेतसुद्धा गादीवर टकटक करतात असं बायको सांगायची. एकच जागा होती जिथे ती बोटं कामाला लागायची आणि मास्तरांना बरं वाटायचं. ती जागा त्यांच्या फोनमध्ये होती.

त्याचं असं झालं होतं. वर्षापूर्वी रिपोर्ट टाइप करायचा कीबोर्ड अडकायला लागला, म्हणून मॅडमनी नवा आणला. तो पातळ, मुका, बोटाखाली काही लागू न देणारा. मास्तरांना तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यांनी माळ्यावरून आधीच्या डॉक्टरांच्या काळातला जुना कीबोर्ड काढला, विटेसारखा जड, प्रत्येक कळेखाली वेगळी स्प्रिंग असलेला. धूळ झाडली तर तो चालत होता, फक्त स्पेसची कळ खुळखुळत होती. ती कशी दुरुस्त करायची हे शोधता शोधता मास्तर एका ग्रुपमध्ये जाऊन पडले. अशा स्प्रिंगवाल्या कीबोर्डांचं वेड असलेल्या माणसांचा ग्रुप. तीनेकशे जण, कुठले कुठले, एकमेकांना कधी न भेटलेले. कुणी स्प्रिंगा बदलतं, कुणी कळा रंगवतं, कुणी लांब कळांखालच्या तारेला ग्रीस लावून तिचा खुळखुळाट बंद करतं आणि वर त्याचे फोटो टाकतं. खऱ्या नावाने कुणी नाही. ग्रुप चालवणारा स्पेसबार, ग्रीस लावण्यात हातखंडा असलेला लोणी, अशी सगळी मंडळी.

तिथे शिरायचा एक नियम होता. नवीन माणसाने दोन गोष्टी सांगायच्या: पोटासाठी काय करता, आणि तुमचा कीबोर्ड कसा वाजतो. दुसरी गोष्ट लिहून नाही, वाजवून. मास्तरांनी पहिलीचं उत्तर लिहिलं, 'लोकांचे कान तपासतो'. दुसरीसाठी जेवणाच्या सुट्टीत कीबोर्ड आणि फोन घेऊन ते बूथमध्ये गेले, दोन्ही दारं लावली आणि सवयीने जे बोटांत आलं तेच टाइप केलं. आवाज आला की बटण दाबा.

तासाभरात ग्रुपमध्ये गहजब झाला. लोकांनी आजवर जी रेकॉर्डिंग टाकली होती त्यांत मागे पंखा असायचा, गाडीचा हॉर्न असायचा, कुणाची तरी आई हाक मारत असायची. या रेकॉर्डिंगमध्ये काहीच नव्हतं. नुसती कळ खाली जाते आणि वर येते. 'या आवाजामागे खोलीच नाही,' असं स्पेसबारने लिहिलं. दोघातिघांनी शंका काढली की हे मशिनीने बनवलेलं असणार. मास्तरांनी बूथचा फोटो टाकला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

त्या दिवसापासून मंडळी त्यांच्याकडे कीबोर्ड पाठवायला लागली. कुरियरने, कापसात गुंडाळून. मास्तर बूथमध्ये बसून एकेका कळेला कान लावायचे, डावा, कारण तो त्यांचा नेहमीचा, टेलिफोनचा कान, आणि लिहून कळवायचे: शिफ्टची तार डावीकडे घासते, 'क'ची स्प्रिंग गुणगुणते. लोक उघडून बघायचे तर नेमकं तसंच. ग्रुपमध्ये त्यांना सगळे 'कान' म्हणायला लागले. कानकाकांनी पास केलं म्हणजे झालं. मास्तर वरवर म्हणायचे, पोरखेळ आहे सगळा. पण एकतीस वर्षं ते दुसऱ्यांना विचारत आले होते, ऐकू येतंय का म्हणून. तुम्हाला काय ऐकू येतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

ग्रुपची आणखी एक चाल होती. वर्षातून एकदा सगळे मिळून एक कीबोर्ड बनवायचे आणि ज्याला खरी गरज आहे त्याला द्यायचे. तो एका घरून दुसऱ्या घरी जायचा, प्रत्येकाने एकेक काम करायचं. या वर्षी सगळ्यांनी ग्रुपमधल्या टाचणीचं नाव पक्कं केलं. टाचणी रुग्णवाहिकेच्या फोनवर बसायची. तिने लिहिलं होतं, 'फोन आला की पत्ता टाइप करावाच लागतो. परवा एक बाई मला म्हणाली, माझा नवरा इथे खाली पडलाय आणि तुम्ही टकटक काय करताय. मी पत्ताच लिहीत होते. पण तिला ते कसं सांगू? मला असा कीबोर्ड हवा की पलीकडच्या माणसाला मी फक्त ऐकते आहे असं वाटलं पाहिजे.'

अकरा घरं फिरून तो कीबोर्ड शेवटी मास्तरांकडे आला. मास्तरांनी तीन दिवस सुट्टीत जेवण बाजूला ठेवलं. प्रत्येक कळ पन्नास वेळा दाबली, हळू, जोरात, कडेने, नखाने. कान इतका जवळ नेला की मान आखडली. एकही कळ बोलत नव्हती. त्यांनी रेकॉर्डिंग करून ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, 'पास. बाई, बिनघोर वापरा,' आणि पार्सल रवाना केलं. त्याला आज आठ दिवस झाले होते.

तर हेडफोनवरून कंपनीशी वाजलं त्याच दुपारी टाचणीचा निरोप आला. ग्रुपवर, सगळ्यांसमोर, पण अगदी नमून.

'कानकाका, कीबोर्ड फारच सुंदर आहे. फक्त एन्टर दाबल्यावर एक बारीक टिंग येतो. स्प्रिंगचा असावा. फोनवरच्या माणसांनाही येतो म्हणतात. मी काय करू?'

मास्तरांचं डोकं फिरलं. सकाळपासून आधीच तापलेलं होतं. त्यांनी बोटं आपटत लिहिलं, 'टिंग वगैरे काही नाही. मी बूथमध्ये तीन दिवस ऐकलाय. तुमचं टेबल लोखंडी असेल. नाहीतर आधी कान साफ करून घ्या.'

पाठवलं आणि त्यांना बरं वाटलं. दहा मिनिटं वाटलं.

मग लोणीने लिहिलं, 'काका, रागावू नका. तुम्ही टाकलेल्या रेकॉर्डिंगमध्येच आहे. एक मिनिट बारा सेकंद. आणि पुढे दोनदा.'

त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही. तीनेकशे माणसं एरवी एका स्प्रिंगवरून दोन दिवस भांडतात, पण आता सगळे गप्प. एक मिनिट बारा सेकंद सगळ्यांनी लावून ऐकलं असणार, सगळ्यांना ऐकू आलं असणार आणि सगळ्यांना एकदमच कळलं असणार. मास्तरांनी फोन डाव्या कानाला लावला. एक मिनिट दहा. अकरा. बारा. कळ खाली जाते, वर येते. टिंग कुठे आहे?

पाच वाजता टाचणीचं उत्तर आलं. 'जाऊ दे काका. माझ्या टेबलाचाच असेल.'

मास्तर तो निरोप बघत राहिले. शिवी दिली असती तर चाललं असतं. हे 'जाऊ दे' त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. ऐकू न येणारा म्हातारा विचारतो, काय म्हणालास रे, आणि घरचे म्हणतात, जाऊ दे, काही नाही. मास्तर अशा घरच्यांना बाजूला घेऊन सांगायचे, हवं तर दहा वेळा सांगा, ओरडून सांगा, लिहून दाखवा, पण जाऊ दे म्हणू नका. माणूस त्या शब्दाने घरातल्या घरात एकटा पडतो. आणि आता एका अनोळखी मुलीने मनापासून, चांगुलपणाने, तो शब्द त्यांना दिला होता.

घरी आले तेव्हा बायको शिलाई मशिनवर होती. शाळांचे गणवेश शिवून द्यायची ती, आणि दिवस शाळा उघडायचे होते, त्यामुळे घरभर निळं कापड. मास्तरांनी चप्पल काढली, पाणी प्यायले, खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली.

"बसा तरी," ती म्हणाली. "पायाला चाकं लागल्यासारखे फिरताय."

"अगं, जरा मशिन थांबव. एक ऐकायचंय."

तिने पाय काढला. मास्तरांनी फोन तिच्यासमोर धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. ती मान तिरकी करून ऐकत होती. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते, काचेतून पेशंटकडे बघावं तसे. एक मिनिट बाराला तिची भुवई किंचित हलली. पुढे दोनदा हलली.

"काय ऐकू आलं?"

"कीबोर्डच आहे की तुमचा."

"आणखी?"

"आणखी काय? मधेच जरा टिंग झालं. टाचणी पडल्यासारखं." मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला नाही..." ती थांबली. कापडावरचा दोरा उगाच झटकला. "जाऊ दे. काही नाही."

"जाऊ दे म्हणू नकोस."

त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी ती दचकली. मग तीच म्हणाली, "फ्रीजचं दार उघडं राहिलं की तो वाजतो. तुम्ही समोर बसलेले असता. आधी वाटायचं, आळस करतात, उठत नाहीत. मग एकदा मी मुद्दाम नाही उठले. पंधरा मिनिटं वाजत होता, तुम्ही आपले पेपर वाचत होतात."

"कधीचं हे?"

"झाले की पाच-सहा महिने."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला?" ती म्हणाली. "कोणाचे कान कसे हे तुम्ही सगळ्या गावाला सांगता. तुम्हाला मी काय सांगणार?"

जेवायला बसल्यावर मास्तरांनी ताटात होतं ते गिळलं आणि पेपर उघडून एकाच पानावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात सगळ्यांच्या आधी पोचले. बूथचा दिवा लावला, यंत्र सुरू केलं, चकती आठ हजारांवर नेली. नवा हेडफोन हातात घेतला. लाल वाटी उजवी, निळी वाटी डावी. आयुष्यात हजारो वेळा त्यांनी असा हेडफोन लोकांच्या डोक्यावर चढवला होता, टिकल्या, पिना, चष्मे सांभाळून. आज त्यांनी तो फिरवला. निळी वाटी उजव्या कानाला लावली आणि बटण दाबलं.

शिट्टी आली. बारीक, स्वच्छ, लांबून.

मग लाल वाटीवर आवाज घेतला, डाव्या कानाला. दिवा लागला. काही नाही. पाच वाढवले, दहा वाढवले, आणखी दहा. दिवा लागत होता आणि विझत होता.

दहा सेकंदही लागले नाहीत.

त्यांनी कंपनीला फोन करून चौथा हेडफोन नको म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस काही विचारणार होता, पण त्याने विचारलं नाही, आणि मास्तरांना त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. मग मॅडम आल्यावर त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. एरवी ते आत जाऊन बसायचे.

"मॅडम, हेडफोन चांगलेच होते. तिन्ही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या हुशार बाई होत्या, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. "चाचणी करायला हवी, मास्तर. नुसतं वयाचं आहे की आणखी काही, ते बघायला हवं. मी करते."

"तुम्ही नको. रविवारी मी करून घेतो, ग्राफ सोमवारी तुमच्या टेबलावर ठेवतो. आणि उद्यापासून रोज सकाळी यंत्र नीट आहे का ते सिस्टरना ऐकून बघू दे. माझ्यावर नको. यंत्र खरंच बिघडलं तर मला कळणार नाही."

"काम तुमचंच राहील. दिवा बघून दाबायचंय, त्याला काय."

"हो," मास्तर म्हणाले. "दिवा दिसतो मला."

दुपारच्या सुट्टीत त्यांनी ग्रुप उघडला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. बोटं एवढी चालती, पण त्या चार ओळींना अर्धा तास लागला. 'टाचणीबाई, टिंग आहे. मला ऐकू येत नाही, म्हणून मी नाही म्हणालो. तुम्हाला जे बोललो ते चुकलो. कीबोर्ड परत पाठवा. दुरुस्त करून देतो. आणि मंडळी, मला यापुढे कान म्हणू नका.' पाठवून त्यांनी फोन पालथा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत बघितला नाही. बघायला हात कितीदा गेला ते टेबलालाच माहीत. संध्याकाळी उघडला तर खाली टाचणीने एवढंच लिहिलं होतं, 'उद्या पाठवते. घाई करू नका, फोन तर रोजच येतात.'

पार्सल शनिवारी आलं. रविवारी दवाखाना बंद असतो. मास्तरांनी किल्ली घेतली, पार्सल घेतलं आणि बायकोला म्हणाले, "चल जरा. तुझं काम आहे."

इतक्या वर्षांत ती त्या खोलीत दोनदा आली असेल, तीही डबा द्यायला. यंत्रासमोरच्या खुर्चीत बसताना तिने पदर सावरला, जसं काही कुणी मोठं माणूस समोर आहे. मास्तरांनी शिकवलं, "ही चकती उंचीची. ही जोराची. हे दाबलं की मला आवाज जाईल. मी दाबलं की तुझ्याकडे हा दिवा लागेल. लागला की जोर दहाने खाली, नाही लागला की पाचाने वर. आणि दाबताना मधे मधे थांबायचं, कधी कमी, कधी जास्त. एका ठेक्यात नाही. नाहीतर मला अंदाज येतो."

"म्हणजे तुम्ही लबाडी कराल म्हणून."

"सगळेच करतात."

ते आत गेले. खुर्ची तिरपी होती, तरी कडेने काचेतला तिचा हात दिसत होता. त्यांनी खुर्ची पूर्ण फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसले. हेडफोन चढवला, लाल उजवीकडे, निळा डावीकडे. बटणाची दांडी मुठीत धरली. तिने बाहेरचा माइक दाबला. तिचा आवाज कानात आला, जरा खरखरीत, आणि ती चाल ऐकून त्यांना नवल वाटलं, कारण ती त्यांचीच होती. घरी किती वेळा बोलले असतील कोण जाणे, झोपेत, जागेपणी.

"आवाज आला की बटण दाबा. बारीक आला तरी दाबा." ती थांबली. "आला नाही तर दाबू नका. मी रागावणार नाही."

खालचे सूर सोपे गेले. पाचशे, हजार, दोन हजार. दोन महिने ज्याला एक क्षण स्वस्थता नव्हती तो अंगठा नेमका दाबत होता, सोडत होता. चार हजारांना डावीकडे जरा उशीर झाला. सहा हजारांना फार उशीर झाला. मग बाहेर चकती फिरली असणार, हे त्यांना सवयीने कळलं. आता आठ हजार. आता डावा.

त्यांना माहीत होतं. एवढी वर्षं केलेलं काम. आता ती चाळीसवर दाबत असेल. आता थांबली असेल. आता पंचेचाळीस. ती पापभीरू बाई, कितीही सांगितलं तरी शेवटी एका ठेक्यात दाबणार, शिवताना पाय पडतो तशी. एक, दोन, आणि आता. आता शिट्टी सुटली असणार. एक, दोन, आता. इथे दाबलं असतं तर दिवा लागला असता, कागदावर निळी फुली वर पडली असती, मॅडमनी बघितलं असतं आणि म्हणाल्या असत्या, ठीक आहे मास्तर, वयाच्या मानाने फारच छान. मनातल्या मनात त्यांनी प्रत्येक शिट्टी मोजली. एक, दोन, आता.

अंगठा बटणावर होता. तो हलला नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. तिच्या हातात कागद होता. त्यांनी दाखवलं होतं तशा लाल गोलांची एक ओळ आणि निळ्या फुल्यांची एक ओळ, टाके घालावेत तशी नेटकी काढलेली. फुल्या शेवटी खाली उतरत गेल्या होत्या, आणि शेवटच्या फुलीखाली, कागदाबाहेर दाखवणारा बाण होता.

"असं करायचं ना? शेवटपर्यंत दिवा नाही लागला तर बाण?"

"बरोबर केलंस."

तिने कागद त्यांना दिला नाही. घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला. "सोमवारी मी येते बरोबर," ती म्हणाली.

मास्तरांनी पार्सल सोडलं. कीबोर्ड मांडीवर घेतला आणि तिला बूथमध्ये दुसरी खुर्ची आणायला सांगितलं. गुडघ्याला गुडघा लागेल एवढीच जागा होती. त्यांनी दोन्ही दारं ओढून घेतली.

"आता मी एकेक दाबतो. टिंग आला की बोट वर कर. बारीक आला तरी कर."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर करू नकोस."

तिने डोळे मिटले. मास्तरांनी पहिली कळ दाबली आणि तिच्या हाताकडे बघितलं. दुसरी दाबली. तिसरी. त्यांना स्वतःला ऐकू येत होतं ते कळ खाली बसल्याचं, जाड, मऊ. त्याच्यावरचं काय असेल ते तिच्या बोटात होतं. ओळ संपली, दुसरी ओळ सुरू झाली. तिचा हात मांडीवर स्थिर होता. मास्तर एन्टरपाशी आले आणि त्यांनी ती हळूच, जितकी हळू दाबता येईल तितकी हळू दाबली.

तिने बोट वर केलं.

मास्तरांनी तिच्या पिशवीतला शिवणाचा खडू काढून त्या कळेवर खूण केली, आणि पुढची कळ दाबली.